लॅपटॉप सारखा अटकतो, मधेच बंद पडतो? विंडोज मारायच्या आधी हे वाचा

जुलैचा शेवटचा आठवडा, २०२३. पीक विम्याची तारीख तोंडावर आलेली, ओसरीत वीस-बावीस माणसं आणि एका काकाजींचा अर्ज शेवटच्या पानावर. मी बटण दाबलं आणि स्क्रीन थिजली. बाण हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ ११ वाजून ४२ मिनिटांवर थांबलेलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "ताई, मोटर गरम झाली का आमी वल्लं पोतं टाकतो तिच्यावर. याच्यावर टाकून पाय ना." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या महिन्यातली ही सातवी वेळ होती.

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, घराच्या ओसरीतच माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, ई-केवायसी, लाइट बिल, असलं सगळं. लॅपटॉप २०१८ चा, चार जीबी रॅम, आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. त्या जुलैपर्यंत तो तीनदा तालुक्याच्या दुकानात जाऊन आला होता. तिन्ही वेळा निदान एकच: "विंडोज करप्ट झाली, मारून देतो." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची. पाचशे रुपये, दोन दिवस दुकान बंद आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

फॉर्मॅट मारल्यावर काही दिवस बरं का वाटतं, ते मला उशिरा कळलं. नव्या विंडोजमध्ये मागे चालणारे प्रोग्राम कमी असतात, त्यामुळे यंत्रावर ताण कमी पडतो. फायली डिस्कवर दुसऱ्या जागी लिहिल्या जातात, म्हणून खराब जागेशी लगेच गाठ पडत नाही. दुकानदार उघडतो तेव्हा एक फुंकरही मारतो, पंखा जरा मोकळा होतो. आजार तिथेच असतो, ताप फक्त उतरलेला असतो.

माझ्या लॅपटॉपला एक नाही, तीन आजार होते (मधे एक चौथा मीच ओढवून घेतला, तो पुढे सांगते). तिन्हींचं लक्षण वरवर सारखंच वाटायचं, त्यामुळे एक बरा केला तरी दुसऱ्यामुळे वाटायचं की काहीच फरक पडला नाही. ते वेगळे काढले एका शंभर पानी वहीने.

आधी बघा, बंद पडतो म्हणजे नेमका कसा

"अटकतो" हा एक शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, चित्र जागच्या जागी राहतं आणि काहीच हलत नाही. दोन, निळा पडदा येतो, त्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि तो स्वतःच पुन्हा सुरू होतो. तीन, कुणी वायर उपसावी तसा एका क्षणात काळा. पहिल्या प्रकारात माझा संशय आधी डिस्कवर जातो, दुसऱ्यात रॅमवर किंवा ड्रायव्हरवर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा लहान प्रोग्राम), तिसऱ्यात उष्णतेवर किंवा विजेवर. नियम पक्का नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

थिजला की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा लहान दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे, थोडी वाट बघा. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली तर पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बीप येतो, पडदा क्षणभर काळा होतो, आणि दोष तिथेच असेल तर काम जिथल्या तिथे परत मिळतं. कॅप्स लॉकचा दिवाही मेला असेल तर मग बटण दाबून बंद करण्याला इलाज नाही.

वहीत मी प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहायची: तारीख आणि वेळ, कसा बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, पंख्याचा आवाज कसा होता. एवढंच. तीन आठवड्यांत पानावर उघड दिसायला लागलं की क्षणात काळा होण्याच्या सगळ्या नोंदी दुपारी बारा ते चारमधल्या आहेत, आणि थिजण्याच्या नोंदींना वेळकाळ नाही, पण जवळजवळ प्रत्येक वेळी मी फाइल उघडत किंवा साठवत होते.

विंडोजसुद्धा स्वतःची वही ठेवते. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की दिवसागणिक लाल फुल्यांचा तक्ता निघतो. त्याहून खोलात इव्हेंट व्ह्यूअर. तिथे बहुतेकांना 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि ते घाबरून जातात. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ते आपल्याला माहीतच असतं. कामाच्या ओळी वेगळ्या असतात: 'डिस्क' या नावाखाली ७ किंवा १५३ हे आकडे, 'डब्ल्यूएचईए-लॉगर' असं नाव, किंवा 'डिस्प्ले ४१०१'. पहिलं डिस्कचं रडणं, दुसरं हार्डवेअरचं, तिसरं पडद्याच्या ड्रायव्हरचं.

दुपारचा आजार: कापूस

आमच्याकडे सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं की वेचणी सुरू होते आणि घरात कापूस यायला लागतो. भाव चढेल या आशेवर तो खोलीत भरून ठेवायचा ही जुनी रीत. आमच्या घरी ती खोली ओसरीला लागून आहे, मधे दार नाही, नुसता पडदा. त्या वर्षी कापूस मे उलटेपर्यंत पडून होता.

एक मोफत प्रोग्राम टाकून आतलं तापमान पाहिलं. एचडब्ल्यूमॉनिटर नावाचा आहे, असे बरेच मिळतात. काहीही चालू नसताना ७८ अंश, आणि चार पीडीएफ अपलोड करताना ९७. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचण्याआधी तो स्वतःला हळू करतो, तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून सरळ वीज तोडतो. म्हणजे ते दुपारचं काळं होणं ही बिघाडाची नाही, बचावाची खूण होती. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असं माहितीपत्रकात छापतात. आमच्याकडे मेमध्ये सावलीत ४५ असतं, आणि पावसाळ्यात उघाड पडली की ओसरीवरचे पत्रे तापतातच.

उघडायचं धाडस करायला दोन दिवस लागले. चार्जर काढला, मागचे स्क्रू ज्या जागचे त्या जागी कागदावर मांडले (लांबी वेगवेगळी असते, चुकीच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर बोर्ड फुटतो), आणि आधी बॅटरीची पिन सोडवली. पंख्यावर वरवर फारशी धूळ नव्हती. खरा माल पंख्याच्या पलीकडे, गरम हवा बाहेर पडते त्या तांब्याच्या जाळीच्या तोंडावर. चिमट्याने टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली, करंगळीएवढी लांब, गोधडीच्या अस्तरासारखी दाट. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, तळहातावर वळली आणि म्हणाल्या, "समईले वात होते याची." खरंच झाली असती.

पट्टी निघाली की जाळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. रंगाचा मऊ ब्रश पुरतो. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका: त्या हवेत पाणी असतं, जोर फार असतो आणि पंखा नको तितका वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. फुंकर मारतानाही पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) खडूसारखी वाळली होती, ती कापसाने आणि स्पिरिटने पुसून नवी लावली. तुरीच्या डाळीएवढी पुरते, लोण्यासारखी थापायची नाही.

जोडल्यावर नुसता चालू असताना ५२ अंश आणि कामात ८० च्या आत. दुपारचं काळं होणं त्या दिवसापासून थांबलं. टेबल मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. कापसाची खोली बदलावी हा माझा अर्ज मात्र घरच्या मालकांकडे अजून प्रलंबित आहे.

कूलरचं एक सांगते, कारण सगळे तेच करतात. लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून चालून जातं असं वाटतं, पण बारीक तुषार उडतात, आणि आपलं बोअरचं पाणी म्हणजे वाळलं की पांढरा थर. कूलरने खोली गार करू द्या, लॅपटॉप बाजूला ठेवा. आणि गादीवर तर मुळीच नको, हवा घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात.

वेळकाळ नसलेला आजार: डिस्क

थिजणं मात्र चालूच राहिलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन बसायचा आणि तेव्हा प्रत्यक्षात वाचन-लेखन जवळजवळ शून्य. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावला तर वर पिवळा चौकोन, 'कॉशन'. त्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी बघायच्या. ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा, १९७ म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा, १९८ म्हणजे ज्यांची आशा सोडली त्या. माझ्याकडे १९७ शून्य नव्हता आणि दर दोन-चार दिवसांनी वाढत होता.

फिरत्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. तेवढा वेळ विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसते, आणि आपण विंडोजच्या. काकाजींचा अर्ज ११ वाजून ४२ मिनिटांनी तिथेच अडकला होता.

इथे घाईत एक चूक होते. लोक लगेच चेकडिस्क (डिस्क तपासणारी आज्ञा) लावतात, कुणी डीफ्रॅग (फायलींची फेरमांडणी) करतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते म्हणजे दमेकऱ्याला डोंगर चढायला लावणं. आधी कामाच्या फायली बाहेर काढा, मग काय ते प्रयोग. मी रात्री गार वेळी पेनड्राइव्हवर काढल्या, सगळ्यात गरजेच्या आधी. काढताना लक्षात आलं की गावातल्या निम्म्या लोकांच्या आधारकार्डांचे स्कॅन चार वर्षांपासून माझ्या डाउनलोडमध्ये पडून होते. ते ठेवायचं मला काहीच कारण नव्हतं. तेव्हापासून काम झालं की त्याच दिवशी पुसते, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

मग २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवली. तिच्यावर विंडोज नव्याने टाकली, म्हणजे शेवटी विंडोज मारलीच, पण या वेळी कारण कळल्यावर. आधी चालू व्हायला चार मिनिटं लागायची, आता एक चहाचा घोटही होत नाही.

त्याच झपाट्यात मी चार जीबीची आणखी एक रॅमपट्टी आणून टाकली आणि चौथा आजार घरात घेतला. दुसऱ्याच दिवशी निळा पडदा, 'मेमरी मॅनेजमेंट'. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करून तपासणी लावली तर त्यात काही निघालं नाही, पण मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं तेव्हा सकाळी लाल ओळींनी पान भरलेलं. दोन्ही पट्ट्या काढून एकेक लावून बघितली, दोष नव्या पट्टीत. तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवून पाहिला, कधीकधी तेवढ्याने भागतं, इथे नाही भागलं. दुकानदाराने बदलून दिली.

विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील तर 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा आहेच, आणि दोन अँटिव्हायरस एकाच घरात नांदत नाहीत हेही खरं. पण माझ्या अनुभवात सारखं सारखं होणारं दुखणं क्वचितच तिथलं निघालं.

हिवाळ्यातला आजार: लाइन

दोन-अडीच महिने लॅपटॉप एकदाही अटकला नाही. मग डिसेंबर लागला, हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू झालं आणि वहीत पुन्हा नोंद: "क्षणात काळा. तापमान ५५." म्हणजे उष्णता नव्हे. पुढच्या तीन नोंदींत एक वाक्य सारखं होतं: लाइन गेली नाही, बल्ब फक्त मंद झाला.

शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइन आली की ऑटोस्विच लावलेल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) त्याचा दणका थेट घरात येतो. गावातल्या वायरमनने मीटर लावून दाखवलं तेव्हा बोर्डात १४८ व्होल्ट होते. तोच मध्यरात्री, मोटरी बंद झाल्यावर, २५० च्या वर.

पण लॅपटॉपच्या चार्जरवर 'इनपुट १००-२४०' छापलेलं असतं. १४८ व्होल्ट त्याला चालायला हवेत. मग बंद का? उत्तर बॅटरीत होतं. 'पॉवरसीएफजी' ची बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा दिली की एक पान तयार होतं, त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आज पूर्ण भरली तर केवढी, हे दोन आकडे मिळतात. माझे आकडे: ४१,०००च्या जागी २,९००. म्हणजे बॅटरी नावालाच, लॅपटॉप निव्वळ चार्जरवर तगलेला. आणि चार्जरची तीन पिनांची टोपी मी दोन पिनांच्या बोर्डात एका स्वस्त कन्व्हर्टरने बसवली होती. ती सैल. कान लावला तर चर्र आवाज यायचा. व्होल्टेज पडलं की त्या सैल जोडावर ठिणगी, क्षणभर पुरवठा तुटला आणि धरून ठेवायला बॅटरी नाही. चांगली बॅटरी असती तर हे मला कधी कळलंही नसतं.

बॅटरी बदलली, भिंतीत तीन पिनांचा नवा सॉकेट बसवला. पण तिसऱ्या भोकाला वायरच नाही हे तेव्हा उघड झालं. घर बांधताना अर्थिंग केलंच नव्हतं. आता आठवा: चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट लागलं की मुंग्या येतात का? टचपॅडवर बाण आपोआप उड्या मारतो का? अर्थिंग नसल्याची ती नेहमीची खूण. चार्जरच्या आतले लहान कपॅसिटर जो विजेचा कचरा जमिनीत सोडायचे, त्याला वाटच नसते, म्हणून तो लॅपटॉपच्या अंगावर तरंगतो. आमचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू झाला की बाण असाच नाचायचा.

चार्जरच्या त्या मुंग्यांनी सहसा काही होत नाही. पण तशाच झिणझिण्या कूलरच्या पत्र्याला किंवा फ्रिजला लागत असतील तर ही पोस्ट बाजूला ठेवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरला हात लावून माणसं दगावतात.

आम्ही मागच्या अंगणात खड्डा करून पाइप, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं (तो खड्डा अधूनमधून पाणी टाकून ओला ठेवावा लागतो), सोबत ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवला. खर्च लॅपटॉपच्या एकूण दुरुस्तीपेक्षा जास्त आला, पण तो लॅपटॉपचा खर्च नव्हेच. वायरमन भाऊंनी जाताना आणखी एक सांगितलं: बल्ब एकाएकी लखलखायला लागले तर लगेच सगळं उपसा. न्यूट्रल सुटला की घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात, तिथे चार्जरही वाचत नाही.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर "अटकतो" एवढं सांगून ठेवून येऊ नका. वही न्या, किंवा नोंदींचा फोटो. डिस्कची तब्येत तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. पंखा चालू असताना बाजूच्या झरोक्याला हात लावा: हवा गरम आणि जोरात येत असेल तर ठीक, पंखा ओरडतोय आणि हवा येतच नाही तर आत वात वळली जातेय.

वहीतली शेवटची नोंद १९ मे २०२४ ची आहे. थंब मशीन डाव्या बाजूच्या पोर्टला लावलं की अटकतो, उजव्या बाजूला लावलं की चालतो. डाव्या पोर्टवर चिकटपट्टी लावली. त्याच पानाच्या खाली सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ आहे, कारण ते काम आता त्यांच्याकडे आहे: "खड्ड्यात पाणी टाकलं, एक बादली."